कोरा रकाना

शेतजमिनीचा सातबाराचा उतारा घ्या आणि डोळ्यांसमोर धरा. गट क्रमांक आहे, क्षेत्र आहे, आकार आहे, खातेदारांची नावे आहेत. त्यातच एका बाजूला एक लहानसा रकाना आहे: 'शेताचे स्थानिक नाव'. कोणा शहाण्याने हा रकाना ठेवला ते देव जाणे. पण ज्याने ठेवला त्याला गाव कळत होते. आता अंबरनाथ तालुक्यातले, बदलापूरच्या अंगाचे दहा उतारे काढून पाहा. किती रकाने भरलेले आणि किती कोरे, ते तुमचे तुम्हीच मोजा.

कोरा रकाना म्हणजे त्या शेताला नाव नव्हते असे मुळीच नव्हे. बिननावाचे शेत गावात नसतेच. गावातल्या सत्तरीच्या म्हातारीला विचारा. ती सांगेल, हे कोंडावरचं, ते मळईतलं, पलीकडचं वडाखालचं. तिला कोणी विचारले नाही, तिने सांगितले नाही, तलाठ्याने लिहिले नाही. मग जमीन बिनशेती झाली, प्लॉट पडले, इमारत उठली आणि तिच्यावर पाटी लागली अमुक हाईट्स, तमुक गार्डन. संपलं! एका शब्दाचे तेरावे झाले आणि जेवायला कोणी आले नाही.

सभेला आलेला एखादा बाप्या म्हणेल, "अहो, नळाला पाणी नाही, लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, आणि तुम्ही शब्द काय घेऊन बसलात?" बसलो खरे. जरा पुढे वाचा, बांधवांनो. पाण्याचाच मुद्दा येणार आहे, आणि तो जिवाशी येणार आहे. पण आधी आपण राहतो त्या गावांची नावे तरी नीट उच्चारू या.

कल्याणहून कर्जतकडे गाडी निघाली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशने लागतात. कल्याणहून खोपोलीच्या अंगाला लोहमार्ग १८५६ साली सुरू झाला, तेव्हापासून ही वाट रुळांची आहे. रोज लाखो माणसे ही नावे वाचतात. त्यांतली कितीजण थांबून विचारतात की हे नाव आले कुठून?

अंबरनाथ घ्या. इंग्रजी पाटी वाचून परका माणूस 'अंबेरनाथ' म्हणतो. ते सोडा. गावातला माणूस म्हणेल, अंबर म्हणजे आकाश, आकाशाचा नाथ तो अंबरनाथ. अर्थ झकास आहे. संस्कृतात अंबर म्हणजे वस्त्रही आणि आकाशही. पिवळे वस्त्र तो पीतांबर, आणि दिशा हेच ज्याचे वस्त्र तो दिगंबर. दुसरा पक्ष म्हणतो, मूळ आम्रनाथ, आंब्याचा नाथ. हा पक्ष वरवर ओढूनताणून केलेला वाटतो, पण त्याच्या पाठीशी भाषेचा एक पक्का नियम उभा आहे. 'म' आणि 'र' शेजारी आले की जिभेला मध्ये 'ब' घातल्यावाचून करमत नाही. ताम्र या शब्दाचे तांबे झाले. आम्र या शब्दाचा आंबा झाला. लॅटिनमधल्या 'कामेरा'चे फ्रेंचांनी 'शांब्र' केले, तेही याच ओढीने! नाशिक-ठाण्याच्या माणसाची जीभ आणि पॅरिसच्या माणसाची जीभ एकाच ठिकाणी अडखळते. तेव्हा आम्रनाथाचा अंबरनाथ होणे अशक्य नाही. आमचा कल याच बाजूला आहे. आकाश सगळ्या गावांवर सारखेच असते. गावाची ओळख सांगायला झाड उपयोगी पडते.

हे देऊळ वालधुनीच्या काठी उभे आहे. त्यातल्या शिलालेखाचा शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. राजा शिलाहार वंशातला मुम्मुणी. डॉक्टर भाऊ दाजींनी हाच शक आधी ७८२ असा वाचला होता. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ असा लावला. एका आकड्याने देवळाचे वय दोनशे वर्षांनी बदलले. दगडावरचा एक अंक जर एवढी उलथापालथ करतो, तर सबंध शब्द पुसला गेला म्हणजे काय होत असेल याचा विचार करा.

आणि विचार करताना हेही पाहा की आपण या देवळाला बेधडक 'हेमाडपंती' म्हणतो. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. देऊळ बांधून झाल्यावर दोनशे वर्षांनी जो कारभारी झाला, त्याने ते बांधले कसे? आपल्याकडे जुने, काळ्या दगडाचे, चुन्याशिवाय बसवलेले काहीही दिसले की मारला हेमाडपंती शिक्का. या देवळाच्या शिखराच्या घडणीला खरा शब्द आहे 'भूमिज'. शिखरावर लहान लहान शिखरांच्या ओळी मजल्यामजल्याने चढवलेल्या असतात. प्रत्येक मजला ती एक भूमी. शब्द सोपा आहे, गोड आहे, नेमका आहे. शाळेच्या सहलीत मास्तरांनी तेवढा एक शब्द पोरांच्या पदरात टाकला तरी सहलीचा डबा पचला म्हणायचे.

त्याच १०६० सालाची आणखी एक गंमत ऐका. रायगड जिल्ह्यातल्या दिवेआगरला एक ताम्रपट मिळाला, तोही शक ९८२ चाच, आणि तो मराठीत आहे. म्हणजे वालधुनीकाठी कारागीर दगड घडवत होते, संस्कृतात लेख कोरत होते, त्याच वर्षी खाली कोकणात आपले पूर्वज तांब्यावर मराठी लिहीत होते. त्याआधीचा अक्षीचा मराठी शिलालेख शक ९३४ चा, म्हणजे १०१२ सालचा. राजाच्या देवळाला संस्कृत आणि गावच्या व्यवहाराला मराठी, अशी वाटणी तेव्हाही होती. साहेब इंग्रजीत आणि शिपाई मराठीत, ही तऱ्हा तिच्यापुढे कालची म्हणायची.

त्या शिलाहारांच्या काळाने मराठीला एक शब्द दिला आहे, तो आज शंभरात एकालाही माहीत नसेल: गद्धेगाळ. यातला गाळ म्हणजे विहिरीतला गाळ नव्हे. गाळ म्हणजे शिवी. हिंदीतली गाली तीच. राजाने जमीन दान दिली की सीमेवर दगड रोवायचा. त्यावर वर सूर्य आणि चंद्र, म्हणजे चंद्रसूर्य असेतोवर हे दान टिकावे. खाली गाढवाचे चित्र, आणि दान मोडणाऱ्याला अशी शिवी की इथे छापता येणार नाही. ठाणे, रायगड, मुंबईच्या परिसरात असे दगड सापडलेले आहेत. कित्येक ठिकाणी लोकांनी त्यांना शेंदूर फासून देव केले. जमीन हडपणाऱ्याला दगडावर शिवी कोरून ठेवणारा महाराष्ट्र होता हा! आज सातबारावर रातोरात नाव चढवणाऱ्याला आपण 'शेठ' म्हणतो आणि सत्यनारायणाला बोलावतो.

बदलापूरची गोष्ट वेगळी. गावात सांगतात की सुरत आणि कोकण यांच्यामधल्या वाटेवर हे ठिकाण होते, शिवाजी महाराजांचे स्वार इथे घोडे बदलीत, म्हणून बदलापूर. गोष्ट प्रत्येक पोराला पाठ आहे, आणि आम्ही ती मोडायला निघालेलो नाही. पण शब्दाकडे पाहा. 'बदल' हा शब्द अरबी. फारसीच्या पाठीवर बसून तो दख्खनेत आला. 'पुर' संस्कृत. म्हणजे या गावाचे डोके अरबस्तानातले आणि पाय आर्यावर्तातले. यावरून एक गोष्ट उघड होते. नाव जर खरोखर 'बदला'वरून पडले असेल, तर ते देवळाच्या काळाइतके जुने असू शकत नाही. मराठीत फारसी-अरबी शब्दांचा शिरकाव झाल्यानंतरचेच असले पाहिजे. दंतकथा तपासायची असेल तर शब्दाचे वय आधी विचारावे. शब्द सहसा खोटे बोलत नाही.

याच अरबी 'बदल'चे आणखी एक लेकरू आमच्या कामगारवस्तीत वाढले: 'बदली'. गिरणीच्या दाराशी सकाळी उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी आत घ्यायचे, नाहीतर परत घरी. तो बदली कामगार. घोडा बदलला की त्याला चंदी तरी मिळत असे.

कामगाराच्या तोंडच्या शब्दांची वंशावळ काढली तर जगाचा नकाशा उलगडतो. 'पगार' पोर्तुगीज, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ पैसे चुकते करणे. 'हजेरी' अरबी. 'मुकादम' अरबी, पुढे उभा असतो तो. 'घमेले' पोर्तुगीज, 'चावी' पोर्तुगीज, 'तुरुंग' पोर्तुगीज, 'लिलाव' पोर्तुगीज. वसईला फिरंगी १५३४ पासून १७३९ पर्यंत होता. चिमाजीअप्पाने त्याला हाकलले, पण घमेले आणि पगार मागे ठेवून गेला. 'माचिस' इंग्रजी 'मॅचिस'वरून आली, 'काडेपेटी' आपली. अंबरनाथला आगकाड्यांचा मोठा कारखाना होता, म्हणून आजही तिथे विम्को नाका आहे. आणि 'भोंगा'? तो कोणाचा नाही. तो आवाजातून जन्मला, आणि पोट जाळण्यासाठी उठणाऱ्या माणसाच्या कानातून थेट भाषेत शिरला. 'खाडा' हाही असाच चिमुकला शब्द. त्याच्या पाठीमागे आजारी मूल, चुकलेली गाडी आणि कापला गेलेला दिवस असतो.

इथे कोणी सोवळे नेसून पुढे येईल आणि म्हणेल, परके शब्द हाकला! वाचकहो, हा प्रयोग आपल्याकडे झालेला आहे, आणि थोरामोठ्यांनी केलेला आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथ पंडिताने राजव्यवहारकोश रचला. सुमारे चौदाशे फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. डबीर गेला, सुमंत आला. सुरनीस गेला, सचिव आला. त्यामागची दृष्टी मोठी होती: राज्य आपले, तर राज्याची भाषाही आपली. पण लोकांची जीभ आपल्या मताची असते. पेशव्याला मुख्य प्रधान म्हणायचे ठरले, आणि शंभर वर्षे सगळा हिंदुस्थान पेशवे पेशवेच करीत राहिला! स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीतला 'महापौर' मात्र असा रुजला की उल्हासनगरच्या महापौराला आज कोणी 'मेयर' म्हणत नाही. शब्द टिकणे न टिकणे हे त्याच्या कुळावर नसते; तो तोंडात बसतो की नाही यावर असते.

सीमेवरच्या आमच्या बांधवांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो, रागावू नका. 'अक्का', 'अण्णा', 'अप्पा' हे शब्द द्रविड कुळातले. 'अडकित्ता' कानडीतून आला. अडके म्हणजे सुपारी. आणि पुरणपोळीवर ज्याची धार धरतो ते 'तूप' कानडी 'तुप्प'. बेळगावावरचा आमचा हक्क तसूभरही सोडायचा नाही. पण तूप खाताना कानडी शब्द गोड लागतो आणि सभेत कानडी माणूस कडू लागतो, हे बरे दिसत नाही.

आता उल्हासनगर. 'उल्लास' हा संस्कृत शब्द. मराठी कंठाने त्यातल्या दोन 'ल'मध्ये 'ह' फुंकला आणि उल्हास केला, जसे जुन्या कोल्लापूरचे कोल्हापूर केले. नदी सह्याद्रीतून उतरते, कर्जत आणि बदलापूर करीत कल्याणच्या खाडीला मिळते. तिच्या नावाने हे शहर वसले, पण वसले ते उल्हासाने नव्हे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्कराच्या छावणीतल्या रिकाम्या बराकींत, फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे आणून ठेवली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाचा दगड बसला आणि छावणीचे नगर झाले. 'कॅम्प' मात्र सुटला नाही. आजही पत्ता सांगताना माणूस म्हणतो, कॅम्प नंबर चार, अमुक बराक. 'कॅम्प' लॅटिन 'कांपुस'वरून, म्हणजे मैदान. 'बराक' स्पॅनिश-इटालियन वाटेने फ्रेंचांकडे, तिथून इंग्रजांकडे, तिथून आपल्याकडे. युद्ध संपून किती वर्षे झाली, तरी ती दोन्ही नावे पत्त्यातून हलली नाहीत.

या माणसांना काय म्हणायचे यावरही वाद होता. 'निर्वासित' म्हणजे घरातून बाहेर घातलेला. 'शरणार्थी' म्हणजे आश्रय मागणारा. तो शब्द पुष्कळांना झोंबे, आम्ही शरणार्थी नव्हे, पुरुषार्थी आहोत, असे ते म्हणत. सरकारी कागदात 'विस्थापित' आला. एका माणसाच्या दुःखाला तीन शब्द, आणि प्रत्येक शब्दात त्याची वेगळी किंमत! म्हणून म्हणतो, शब्द ही रिकामटेकड्यांची करमणूक नाही.

त्याच शहराच्या नावाचे आपण विशेषण केले: 'उल्हासनगरी'. अर्थ काय? नकली. 'मेड इन यू. एस. ए. म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद तुम्हीही केला असेल. ज्यांनी सर्वस्व गमावून बराकीत संसार मांडला, शिलाई यंत्र, बिस्किटे, पापड, कापड, फर्निचर, जे हाताला लागेल त्यातून बाजार उभे केले, त्यांच्या गावाचे नाव आपण शिवीसारखे वापरतो. आणि जीन्स घ्यायला तिथेच जातो. हा शब्द कोशात येईल तेव्हा अर्थ लिहिणाऱ्याने त्याच्यापुढे 'निंदाव्यंजक' असा शेरा जरूर टाकावा.

त्या सिंधी शेजाऱ्याच्या बोलण्याकडे कधी कान दिला आहे? सिंधीत हाताला 'हथु' म्हणतात, घराला 'घरु'. शब्दाच्या शेवटी एक आखूड, हलका 'उ'. आता ज्ञानेश्वरीच्या काळात चला, शके १२१२, म्हणजे १२९०. त्या मराठीतही 'हातु' होता, 'लोकु' होता. अपभ्रंशाच्या घरातून दोघी बहिणी तोच उकार घेऊन निघाल्या. आपण तो वाटेत टाकला. त्यांनी सिंधू नदीच्या काठी जपला, फाळणीत घर गेले, दार गेले, पण तो 'उ' जिभेवर ठेवून त्या कल्याणच्या छावणीत उतरल्या. ज्ञानोबामाउलीच्या मराठीचा एक सूर ऐकायचा असेल तर कॅम्पातल्या म्हाताऱ्या सिंधी माणसाजवळ जाऊन बसा. सिंधी १९६७ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. तिला स्वतःचे राज्य नाही. भाषावार राज्य मिळालेल्या आपल्यासारख्यांनी तिच्याशी थोडे मोठेपणाने वागायला हवे. तिची पोरेही आता सिंधी विसरत चालली आहेत.

आता येतो पाण्यावर.

२६ जुलै २००५ बदलापूरकर विसरलेले नाहीत. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले, तेही सगळ्या देशाने पाहिले. तेव्हा गावात कोटी झाली होती की बदलापूरच्या नावातच 'पूर' आहे. कोटी म्हणून ठीक. नगर तो 'पुर', ऱ्हस्व. पाण्याचा तो 'पूर', दीर्घ. संस्कृतात दोन निराळे शब्द, मराठी लेखनाने शेवटी दोघांना एका टोपीखाली आणले. पण कोटी करताना आपण खरी गोष्ट विसरलो. पाणी कुठे येते हे गावाच्या भाषेत आधीपासून लिहिलेले होते.

'कोंड' म्हणजे नदीच्या पात्रातला खोल डोह. त्याच्या काठचे पाणी पहिले फुगते. 'मळई' म्हणजे नदीने आणून टाकलेल्या गाळाची जमीन. नदीने दिलेली, म्हणजे नदी परत मागणारच. 'ओहोळ', ज्याला गावात व्हळ म्हणतात, तो आठ महिने कोरडा असतो, आणि परका माणूस त्याला वाट समजतो. 'पाणथळ' तर नावातच ओरडून सांगते. खाली कल्याण-ठाण्याच्या बाजूला 'खार' आणि 'खाजण', खाडीचे पाणी ज्यावर चढते ती जमीन. आणि समुद्राचे दोन शब्द: पुनवेच्या-अवसेच्या मोठ्या भरतीचे 'उधाण', आणि अष्टमीच्या सुमाराच्या नरम भरतीचा 'भांग'. नदीचा लोंढा खाली आला आणि समोर खाडीला भांग असला तर पाणी निघून जाते. उधाण असले तर ते वाट न मिळून माघारी फुगते. कोळ्याच्या आणि आगऱ्याच्या पोराला हे दोन शब्द येत होते तोवर त्याला हवामानखात्याच्या इशाऱ्याची वाट पाहावी लागत नव्हती.

आता सांगा, मळईवर 'रिव्हर व्ह्यू' नावाची इमारत बांधली, आणि मुंबईहून आलेल्या गरीब कारकुनाने जन्माची पुंजी घालून तळमजल्यावर घर घेतले. त्या जागेचे जुने नाव त्याला कोणी सांगितले असते, तर त्याने ते घेतले असते का? व्हळावर भराव टाकला की व्हळाचे नावही भरावाखाली जाते. बिल्डर नदीचे दर्शन विकतो. मळई हा शब्द जाहिरातीत घालायला त्याला वेड लागलेले नाही. म्हणूनच तो रकाना कोरा असणे काहींना सोयीचे आहे. शब्द विसरला गेला की पुरावा गेला.

शेतीच्या शब्दांचेही तेच. 'राब' घ्या. पावसाळ्याआधी रोपाच्या वाफ्यावर शेण, पाला आणि झाडांची 'कवळ' म्हणजे तोडलेल्या कोवळ्या फांद्या पसरून जाळायच्या. त्या भाजलेल्या मातीत भात पेरायचे. रोप हातभर झाले की ते 'आवण'. त्याच्या मुठी बांधून 'खाचरा'त लावायच्या ती 'आवणी'. वरच्या अंगाची हलकी जमीन, जिथे भात येत नाही, नाचणी-वरी येते आणि राबाची कवळ मिळते, ती 'वरकस'. पावसात डोक्यावर बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे 'इरले'. पीक आले की 'झोडणी', मग 'खळे', जो शब्द वेदातल्या 'खल' या शब्दाचा सरळ वंशज आहे. तीन हजार वर्षे चाललेला शब्द आपल्या हयातीत, आपल्या डोळ्यांदेखत, पार्किंगच्या जागेत संपतो आहे.

जातींची नावेही कामाची स्मारके आहेत. मिठाचे आगर पिकवणारा तो 'आगरी'. आगर हा संस्कृत 'आकर', म्हणजे खाण, ठेव. खैराच्या लाकडापासून कात काढणारा तो 'कातकरी'. ब्रिटिश अमदानीत जंगलकायदे आले, खैराची तोड अडली, कात गेला. नाव मात्र चिकटून राहिले, आणि आज बदलापूरच्या आसपासच्या वाड्यांवर कातकरी वीटभट्टीवर राबतो. त्याच्या नावात त्याचा हिरावलेला धंदा लिहिलेला आहे. पुढारी मते मागायला जातात तेव्हा हे कोणाला वाचता येत नाही.

काही शब्द वस्तू मेल्यावरही चिवटपणे जगतात, हे खरे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, आणा गेला. तरी बोलणे अजून 'सोळा आणे' खरे असते. अडका कोणी पाहिलेला नाही, पण 'पैसाअडका' जपून ठेवायला सांगतात. वीस मणांची 'खंडी' वजनातून गेली आणि 'खंडीभर' कामांत राहिली. पण ही नशीबवान मंडळी. म्हणीत जागा मिळाली म्हणून वाचली. आवणाला, कवळीला, भांगाला कोण वाचवणार?

कोश आहेत की, असे म्हणाल. आहेत. जेम्स मोल्सवर्थ या लष्करातल्या गोऱ्याने मराठी पंडित हाताशी घेऊन १८३१ साली कोश काढला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत साठ हजारांच्या घरात शब्द गेले. कोकणातला शब्द कोणता, देशावरचा कोणता, हेही त्यात नोंदवलेले आहे. दाते आणि कर्वे यांनी १९३२ पासून १९३८ पर्यंत महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड पुरे केले. कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्तिकोश १९४६ चा. त्यांच्या चरणी दंडवत. पण या लोकांनी केले ते आपण पुढे चालवले का? १ मे १९६० ला राज्य मिळाले. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. ताम्रपट, शिलालेख, गाथा सप्तशती यांचे दाखले दिले गेले, ते योग्यच होते. मात्र जिवंत शब्द ज्यांच्या तोंडी आहेत ती म्हातारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत, आणि त्यांच्या ओट्यावर वही घेऊन बसायला एक माणूस पाठवावा, असे कोणाला सुचले नाही.

तेव्हा आमची मागणी साधी आहे आणि ती पुरी करायला दिल्लीला जावे लागत नाही. अंबरनाथ आणि उल्हासनगर तालुक्यातल्या प्रत्येक गावच्या ग्रामसभेने, आणि जिथे नगरपरिषद किंवा महापालिका आहे तिथे तिने, ठराव करावा की कोणतीही शेतजमीन बिनशेती होण्यापूर्वी तिचे स्थानिक नाव, तिथल्या ओहोळाचे नाव आणि कोंडाचे नाव लिहून घेतले जाईल, आणि उभ्या राहणाऱ्या इमारतीच्या कागदांत ते छापले जाईल. पाटीवर काय इंग्रजी झळकवायचे ते झळकवा. घर घेणाऱ्याला खाली काय आहे ते मराठीत कळू द्या.

ठराव होईतोवर थांबू नका. शाळांतल्या गुरुजींनी आणि बाईंनी नववीच्या पोरापोरींना शंभर पानी वही द्यावी. पहिल्या पानावर गावाचे नाव. मग आजीआजोबांना विचारून शेतांची नावे, पाण्याची नावे, अवजारांची नावे, शिव्यासुद्धा. सिंधी घरातल्या मुलाने सिंधी शब्द लिहावेत, कातकरी वाडीवरच्या मुलीने तिच्या बोलीतले. शुद्धलेखनाला गुण कापू नयेत. जसे ऐकले तसे लिहावे, आणि सांगणाऱ्याचे नाव व वय शेजारी टाकावे. वह्या गावच्या वाचनालयात ठेवाव्यात. एक प्रत तलाठ्याच्या टेबलावर नेऊन द्यावी, आणि त्याच्यासमोर उभे राहून तो रकाना भरून घ्यावा.